टाकी, रीळ आणि बाथरूम नंबर तीन
(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

आमच्या हॉस्टेलमध्ये 'रील' म्हटलं की पोट्टे खिशातून मोबाईल काढतात. त्यामुळे मागच्या वर्षी मेसमध्ये मी सहज म्हणालो, "माझी रीळ अजून वाळली नाही," तर अख्खं टेबल जेवायचं थांबलं. एक जण म्हणे, "अबे, रीळ कायले वाळवतं? अपलोड कर ना!" त्याला समजावता समजावता वरण थंड झालं आणि तरी त्याला काही पटलं नाही. तेव्हाच ठरवलं की एकदा हे सगळं व्यवस्थित लिहून काढायचं. आमच्या विंगमध्ये आता चार जण घरचे जुने फिल्म कॅमेरे घेऊन आले आहेत आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी दार वाजवून विचारतो, की ती डबी कुठं मिळते आणि ते चाक कसं फिरवायचं.

ती 'डबी' म्हणजे डेव्हलपिंग टँक, आपण टाकी म्हणू. आणि ते 'चाक' म्हणजे रीळ. मित्रांनो, कॅमेऱ्यातून काढलेला रोल अंधारात या रिळीवर गुंडाळायचा, रीळ टाकीत ठेवायची आणि झाकण लावायचं. एवढं झालं की दिवा लावला तरी चालतो. पुढचं सगळं काम उजेडात. झाकणाच्या मधल्या तोंडातून आधी डेव्हलपर ओतायचा, ठरलेल्या वेळेनं तो काढायचा, मग पाणी किंवा स्टॉप बाथ, मग फिक्सर, मग धुणं. द्रव आत जातो, बाहेर येतो, पण उजेड आत जात नाही, ही त्या टाकीची सगळी करामत. उजेड सरळ रेषेत जातो आणि पाणी वळसा घेऊन जातं, एवढ्याच गोष्टीवर ती चालते.

रिळीचं काम याहून नाजूक. छत्तीस फोटोंचा पस्तीस एमएमचा रोल साधारण १.६ मीटर लांब असतो. तो एवढ्याशा डबीत राहिला पाहिजे, आणि त्याचा एकही वेढा दुसऱ्या वेढ्याला चिकटता कामा नये, कारण जिथे दोन थर टेकले तिथे रसायन पोचत नाही. म्हणून रिळीच्या दोन्ही तबकड्यांवर आतल्या बाजूनं सर्पिल खाच असते. फिल्मच्या दोन्ही कडा त्या खाचेत बसतात आणि मधे सगळीकडे पाणी खेळायला जागा राहते. फोटो बिघडले की लोक डेव्हलपरला दोष देतात. माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा गुन्हेगार रीळच असते, आणि त्या आठांपैकी सात वेळा खरा गुन्हेगार रीळ वापरणारा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा पहिलाच रोल असा गेला. दिवाळीच्या सुट्टीत घरी पहिली वेचणी सुरू होती आणि आबाजींच्या कपाटातला कॅमेरा घेऊन मी वावरात गेलो. आजी ओसरीत कापूस निवडत बसली होती, तिचे चार-पाच फोटो काढले. तिला फोटोचा कंटाळा. "मले कायले काढतं? त्या ढिगाचा काढ," म्हणाली. रोल तसाच पडून राहिला आणि परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मी तो डेव्हलप करायला घेतला. नवी प्लास्टिकची रीळ आणली होती. नवी वस्तू म्हणून, आईनं लावलेल्या सवयीप्रमाणे, आधी स्वच्छ धुतली, टॉवेलनं पुसली आणि तासाभरात कामाला लागलो. दुपारचे दोन वाजले होते. काळ्या पिशवीत हात घातलेले, कूलर बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री. पाच-सहा वेढे छान गेले आणि फिल्म अडली. मी जोर लावला. कट् असा आवाज आला, मला वाटलं बसली. बसली नव्हती, खाचेतून बाहेर उडाली होती.

टाकी उघडली तेव्हा छत्तीसमधले अकरा फोटो धड होते. बाकीच्यांवर दुधाळ चट्टे. चट्टा दुधाळ का दिसतो, तर तिथे डेव्हलपर पोचलेला नसतो आणि फिक्सरही पोचलेला नसतो, चांदीचा क्षार जसाच्या तसा बसलेला असतो. कोणीतरी सांगितलं म्हणून परत फिक्सरमध्ये बुडवली. चट्टे गेले आणि त्या जागी काचेसारखी कोरी फिल्म राहिली. आजीच्या फोटोत तिचे हात आहेत, मांडीवरचं बोंड आहे, सरकीचा दाणासुद्धा दिसतो. चेहऱ्याच्या जागी काही नाही. निगेटिव्हवर कोरं म्हणजे प्रिंटवर काळं. "पुढच्या खेपेला परत काढू" असं मी तिला फोनवर म्हणालो होतो. ऑगस्टमध्ये ती गेली.

तर आता रिळीविषयी जे सांगतो ते नीट वाचा.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत, प्लास्टिक आणि स्टील. प्लास्टिकमध्ये सगळ्यात जास्त दिसते ती इंग्लंडच्या पॅटरसनची. तिच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक छोटी स्टीलची गोळी असते. फिल्मचं टोक त्या गोळ्यांच्या पलीकडे सरकवायचं आणि मग दोन्ही तबकड्या आलटून पालटून मागे-पुढे फिरवायच्या. गोळी फिल्मला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. सायकलच्या फ्रीव्हीलचं तत्त्व म्हणा ना. फिल्म बाहेरून आत चालत जाते आणि शिकायला अर्धा तास पुरतो. शिवाय तबकड्या फिरवून त्यांच्यातलं अंतर वाढवता येतं, म्हणजे त्याच रिळीवर १२० चा रुंद रोलही बसतो. घरात अगफा क्लिक थ्री पडलेला असेल (वऱ्हाडात बऱ्याच घरांच्या माळ्यावर एक तरी सापडतो) तर त्याला १२० चाच रोल लागतो, हे ध्यानात ठेवा.

प्लास्टिकचा शत्रू एकच, ओल. खाचेत पाण्याचा एक थेंब जरी असला तरी फिल्मवरचा जिलेटिनचा थर तो शोषून फुगतो, चिकट होतो आणि फिल्म जागीच अडते. गोळीच्या घरात अडकलेला थेंब तर डोळ्याला दिसतही नाही. म्हणून एक रोल झाल्यावर लगेच त्याच रिळीवर दुसरा चढवायचा मोह धरू नका. दोन रोल करायचे तर दोन रिळी घ्या.

स्टीलची रीळ तारेची असते, हेलिकल स्प्रिंग चपटी करून दोन बाजूंना बसवल्यासारखी. इथे उलटं आहे, फिल्म मधून बाहेर गुंडाळायची. टोक मधल्या चापात अडकवायचं, फिल्म अंगठा आणि बोटात धरून हलकी कमानीसारखी वाकवायची आणि रीळ फिरवत जायचं. कमान सोडली की कडा खाचेत बसतात. हे हाताला बसायला वेळ लागतो. कमान जास्त वाकली तर फिल्मवर नखाच्या चंद्रासारखी खूण उमटते आणि ती प्रिंटवर दिसते. पण एकदा हात बसला की स्टीलसारखं सुख नाही. थोडी ओलसर असली तरी प्लास्टिकइतकी कुरकुर करत नाही, पटकन वाळते, रसायनं पिऊन घेत नाही आणि द्रवही कमी लागतो. एका रिळीच्या स्टीलच्या टाकीला अडीचशे मिलीच्या आसपास पुरतं, तर पॅटरसनच्या टाकीत पस्तीस एमएमच्या एका रोलला २९० मिली आणि १२० ला ५०० मिली लागतं. हे आकडे टाकीच्या बुडावर छापलेले असतात, तरीही लोक अंदाजे ओततात आणि वरची पट्टी कमी डेव्हलप झाली म्हणून रडतात.

स्टीलचा धोका वेगळा. रीळ एकदा फरशीवर पडली की संपली. डोळ्याला सरळ दिसते, पण दोन्ही बाजूंमधलं अंतर एखाद्या मिलिमीटरनं बदललेलं असतं आणि फिल्म दर खेपेला त्याच जागी खाच सोडते. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसलो होतो. अकोल्यात एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी माळ्यावरून दोन स्टीलच्या रिळी काढून दिल्या, पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यातली एक अस्सल निघाली. दुसरीच्या कडेला चार ठिकाणी अंतर मोजलं तर चारही वेगळी आली. काका हसून म्हणाले, "बाबू, ते मोजू नको. जुनी फिल्म घे, डोळे मिटून चढव. तुझ्या बोटाले कळते." बरोबर होतं. पक्कड घेऊन तार सरळ करण्याच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो. नवी घ्यायचीच असेल तर इंग्लंडच्या ह्यूजच्या रिळींचं नाव आहे, किंमतही तशीच आहे. नवशिक्यानं प्लास्टिकनं सुरुवात करावी आणि दहा-बारा रोल झाल्यावर स्टीलकडे पाहावं, हे माझं मत. आमच्या विंगमधल्या सिव्हिलवाल्याचं मत उलटं आहे आणि त्यावरून आमचं दर रविवारी वाजतं.

सेकंडहँड टाकी घेताना काय पाहायचं? आधी मधली नळी. पॅटरसनसारख्या टाकीत रीळ ज्या काळ्या नळीवर बसते ती नुसती बसायला नसते. झाकणाच्या नरसाळ्यातून येणारा उजेड अडवते ती तीच. नळी नसेल तर झाकण कितीही घट्ट लावा, टाकी उघडीच समजा. माझ्या रूम पार्टनरनं गॅदरिंगचा अख्खा रोल असा घालवला. फिल्म चढवली, टाकीत ठेवली, झाकण लावलं, दिवा लावला आणि पाहतो तर नळी पलंगावर. रोल काळा ठिक्कर. नाटकवाले त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्यात नियम आहे, दिवा मालवण्याआधी सगळे भाग एका ओळीत मांडायचे आणि मोठ्यानं मोजायचे. टाकी, नळी, रीळ, झाकण, कात्री. हसू येतं, पण ऑपरेशन थिएटरमध्येही असंच मोजतात.

नळी असेल तर पुढे झाकणाची रबरी कड पाहा, तडे गेलेत का. टाकीत पाणी भरून अर्धा मिनिट उलटी-सुलटी करा. थोडं झिरपलं तर चालतं, धार लागली तर नको. स्टीलच्या टाकीचं झाकण तिचंच असावं. एका कंपनीचं झाकण दुसरीला लागल्यासारखं वाटतं आणि ऐन वेळी गळतं किंवा सुटत नाही. प्लास्टिकच्या रिळीत दोन्ही गोळ्या आहेत ना, हलवून खुळखुळ ऐका. खाचेवरून नख फिरवा, कुठे अडलं तर तिथे चीर किंवा वाळलेला थर आहे. उजेड आत जातो का हे तपासायला किल्लीला लावायचा छोटा एलईडी टॉर्च पेटवून टाकीत ठेवा, नळीसकट झाकण लावा आणि पूर्ण अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं डोळे सरावू द्या. मग टाकी सगळीकडून फिरवून पाहा. उजेड आतून बाहेर येत असेल तर बाहेरून आतही जाणार. खात्रीच करायची तर फिल्मचा एक तुकडा आत ठेवून टाकी दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग तो डेव्हलप करा. तो फिक्स झाल्यावर स्वच्छ निघाला पाहिजे.

दोन रिळींच्या टाकीत एकच रोल करत असाल तर भरलेली रीळ खाली ठेवा आणि वर रिकामी रीळ किंवा चाप लावा. नाहीतर टाकी उलटी केली की रीळ नळीवरून वर सरकते आणि खालच्या द्रवात यायला विसरते. अर्धा रोल डेव्हलप, अर्धा फिका.

मधेच एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच माणसांची आहे. आपल्याला १.६ मीटर चढवताना घाम फुटतो. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा, फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म घेऊन आले तेव्हा मुंबईत त्यांच्यासाठी कुठली लॅब वाट पाहत नव्हती. त्या वेळी कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रंसुद्धा नसायची, ती घरी पाडावी लागत. दादरच्या घरी हे काम चाले. छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म डेव्हलप करणं यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीनं होत्या, आणि शिवाय युनिटच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा होता. मी हिशोब केला, आपले छत्तीसवाले जवळपास सातशे रोल झाले ते! एवढी लांब फिल्म आपल्या रिळीत कुठली मावणार? त्या काळी जगभर ती मोठ्या लाकडी चौकटींवर गुंडाळून चौकटच हौदात बुडवत. म्हणजे आपली रीळ ही त्या चौकटीची नात. फाळके फोटोग्राफी बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, पण सरस्वतीबाई कुठल्या कलाभवनात शिकल्या? त्या घरीच शिकल्या. आपल्या पुस्तकांत त्यांच्यावर एक ओळ असते आणि ती बहुधा दागिने गहाण ठेवल्याची असते. त्यांनी किती फूट फिल्म हातानं काढली ते कोणी विचारत नाही.

असो. आता वऱ्हाडातले दोन प्रश्न, जे इंग्लंडच्या माहितीपत्रकात नसतात. ऊन आणि पाणी.

तक्ते सगळे २० अंशांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तेव्हा त्यात चहापत्ती टाकावीशी वाटते. वीस अंशांसाठी बर्फ घालून झगडण्यापेक्षा मी चोवीसवर स्थिर राहतो. इलफर्डच्या एचपी-५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाण्यात मिसळून २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. तापमानाच्या तक्त्यावर पाहिलं तर २४ ला सुमारे ९ मिनिटं येतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नये, कारण मग ओतण्यात-काढण्यात जाणारे पाच-दहा सेकंदसुद्धा फरक पाडतात आणि फोटो ढगाळ येतात. आणि हे चोवीस अंश मिळतात कुठून? माठातून! माठाचं पाणी हवेच्या वेट-बल्ब तापमानाच्या जवळपर्यंत उतरतं, त्याच्या खाली कधीच जात नाही. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की पंचेचाळीसच्या उन्हातही माठाचं पाणी चोवीस-पंचवीसला मिळतं. थर्मोडायनॅमिक्सचा सायक्रोमेट्रिक चार्ट मला परीक्षेत नाही, बाथरूममध्ये समजला. गंमत म्हणजे जुलैत हवा दमट झाली की माठ काही कामाचा राहत नाही, पण तेव्हा नळाचं पाणीच बरं असतं.

बादलीत माठाचं पाणी घ्यायचं, त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या अर्धा तास ठेवायच्या, टाकीही तिथेच. स्टीलची टाकी दोन मिनिटांत बादलीच्या तापमानाला येते, प्लास्टिकची हळू येते पण हळूच तापते. स्टीलला हातात धरून बसलात तर तुमच्या हाताची ऊब आत जाते, म्हणून हलवून झाली की परत बादलीत ठेवा. सगळी द्रव्यं एकाच तापमानाला हवीत. चोवीसच्या डेव्हलपरमधून काढून चाळीसच्या नळाखाली धुतलीत तर जिलेटिनवर भेगाळल्यासारखी जाळी पडते आणि ती परत जात नाही.

हलवण्याचं सांगायचं तर पहिले दहा सेकंद चार वेळा उलटी-सुलटी, मग प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तसंच, आणि प्रत्येक वेळी टाकी बादलीच्या काठावर एकदा टक्कन आपटायची, बुडबुडे सुटतात. भांग घोटल्यासारखी सतत हलवू नका, छिद्रांच्या बाजूनं पट्टे येतात.

पाण्याचं दुखणं त्याहून जुनं आहे. पूर्णेचं खोरं, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतला खारपाणपट्टा. आमचं घर दर्यापूरकडे. बोअरच्या पाण्यानं चहा केला तर पाहुणे कप खाली ठेवतात. त्या पाण्यात धुतलेली फिल्म वाळली की तिच्यावर पांढरे गोल डाग राहतात, आणि तेच क्षार रिळीच्या खाचेतही बसतात. एका धुण्यात कळत नाही, पंधराव्या रोलला फिल्म अडायला लागते तेव्हा कळतं. शहरात धरणाचं पाणी येतं, अमरावतीला अप्पर वर्धाचं, अकोल्याला काटेपूर्णेचं, ते त्या मानानं बरं. पण हॉस्टेलला उन्हाळ्यात कधी टँकर येतो, कधी बोअर, त्याचा भरवसा काय! म्हणून डेव्हलपर आणि शेवटचं धुणं यासाठी मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो. दुकानात नीट सांगा, 'बॅटरीचं पाणी' म्हटलं की काही दुकानदार ॲसिडची बाटली पुढे करतात.

मधलं धुणं साध्या पाण्यानं, आणि त्याला नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. वॉर्डन सरांनी पहिल्या वेळी याच मुद्द्यावर आम्हाला ऑफिसात बोलावलं होतं. इलफर्डची पद्धत आहे ती पाहा. टाकी भरून पाच वेळा उलटी-सुलटी, पाणी फेकायचं. परत भरून दहा वेळा, परत वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म धुऊन होते. सरांना लोटा घेऊन करून दाखवलं, तेव्हा बाथरूम नंबर तीन रविवारी सकाळी वापरायची परवानगी मिळाली.

आता देखभाल. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे एक-दोन थेंब घालतात, म्हणजे पाणी थेंब न धरता सपाट निथळतं. इथे बहुतेक जण चूक करतात. फिल्म रिळीवर असतानाच ते घालतात. त्याचा साबणासारखा थर खाचेत वाळतो, गोळ्यांच्या घरात बसतो आणि काही महिन्यांत रीळ खरखरीत होते. फिल्म आधी रिळीवरून काढा आणि वेगळ्या भांड्यात बुडवा. ते भांडं मेसचं नसावं, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

काम झालं की रीळ लगेच कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासायची. साबण नको, ब्रश पुरतो. खाचेतून बोटभर अंतरानं ब्रश फिरवत जा, गोळ्या बोटानं हलवत पाणी सोडा. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. तबकड्या वेगळ्या करून सावलीत, पंख्याखाली दोन दिवस. गच्चीवर उन्हात ठेवू नका. पापड वाळतात तसं प्लास्टिक वाळत नाही, ते वाकतं, आणि वाकलेली रीळ म्हणजे पडलेली स्टीलची रीळ. काही जण खाचेत पेन्सिलीचं शिसं घासतात. सरकते चांगली, पण काळी भुकटी फिल्मवर येईल अशी मला भीती वाटते, मी करत नाही. टाकी झाकण उघडं ठेवून ठेवावी. बंद केली तर रबराला कुबट वास धरतो.

फिल्म चढवायची जागा. सुरुवातीला आम्ही बाथरूम नंबर तीनमध्येच चढवायचो, कारण त्याला खिडकी नाही. पण कोणी आंघोळ करून गेलेलं असलं की तिथली हवा ओली असते, आणि ओल म्हणजे काय ते वर सांगितलं. आता चढवतो खोलीत, पहाटे चारच्या सुमारास, खिडकीला दोन रजया लावून. तेव्हा हवा थंड असते आणि हाताला घाम नसतो. काळी पिशवी वापरत असाल तर तिच्यातही घामानं वाफ धरते, म्हणून दहा मिनिटांच्या वर हात आत ठेवू नका. आमचे एक सर सांगतात की ते शिकत होते तेव्हा, म्हणजे २००० नंतरच्या वर्षांत, भारनियमनामुळे रोज संध्याकाळी आपोआप डार्करूम मिळायची. फक्त शेजारचा कधी मेणबत्ती लावेल याचा नेम नसे.

चढवण्याआधी फिल्मचं जीभेसारखं टोक सरळ कापा, दोन छिद्रांच्या मधून, छिद्रातून नाही. कोपरे कात्रीनं जरासे गोल करा, टोकदार कोपरा खाचेत रुततो. एक वाया गेलेला रोल कायम जवळ ठेवा. आधी उजेडात पाहून, मग डोळे मिटून, मग पिशवीत, अशी वीस वेळा सवय केल्याशिवाय खरा रोल घेऊ नका.

आणि खऱ्या वेळी अडलीच, तर जोर लावू नका. रीळ आणि उरलेली फिल्म आहे तशी टाकीत ठेवा, नळी घाला, झाकण लावा. झालं, आता दिवा लावता येतो. बाहेर या, हात धुऊन कोरडे करा, पंख्याखाली बसा, चहा प्या. घाई काय आहे? फिल्म टाकीत सुरक्षित आहे. अर्ध्या तासानं परत अंधार करा, दोन-तीन वेढे मागे काढा आणि पुन्हा हळू चढवा. तरीही अडली तर टाकी बंदच ठेवा आणि दुसऱ्या, कोरड्या रिळीवर घ्या. हे त्या मे महिन्याच्या दुपारी मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वापरलेला फिक्सर बेसिनमध्ये ओतू नका, त्यात चांदी असते आणि ती सांडपाण्यात जायला नको. आम्ही कॅनमध्ये साठवतो. तो अजून कामाचा आहे का, हे पाहायला फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाका, स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि रोलला त्याच्या दुप्पट वेळ द्या. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तो फिक्सर बाद. डेव्हलपरमधल्या मेटॉलनं काहींच्या हाताला खाज सुटते, हातमोजे घाला. आणि कृपा करून केमिस्ट्री लॅबमधून हायपो आणू नका. आयोडीनच्या टायट्रेशनला लागतो तोच सोडियम थायोसल्फेट हे खरं आहे, पण लॅब असिस्टंट काका बाटल्या मोजतात.

माझ्याकडे सध्या दोन प्लास्टिकच्या रिळी, एक स्टीलची आणि दोन टाक्या आहेत. ज्याला शिकायचं असेल त्यानं रविवारी सकाळी यावं, वाया गेलेला रोल मी देईन. खरा रोल मात्र पहिल्या दिवशी आणू नये, कोणाचे फोटो त्यात आहेत ते आधी विचारलं जाईल.